रायरांची अंगठी

माझ्या दुकानातल्या काउंटरची काच तडकलेली आहे. डाव्या कोपऱ्यातून निघालेला तडा मधोमध येऊन थांबलाय आणि त्यावर मी चिकटपट्टी मारून ठेवली आहे. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, सोन्याचं दुकान आणि काच बदलत नाही? मी सांगतो, बदलायची नाही म्हणून बदलत नाही. ती काच मला एका माणसाची आठवण राहावी म्हणून हवी आहे. त्या माणसाला सगळे रायर म्हणत.

टी. नगरच्या मागच्या बोळात माझी गलाई आहे. लोकांचं जुनं सोनं घ्यायचं, कसाच्या दगडावर घासायचं, मुशीत वितळवून शुद्ध करायचं आणि लगड सराफाला द्यायची. आमच्या खानापूर तालुक्यातली अर्धी पोरं याच धंद्यात दक्षिणेत पांगली आहेत. मी चेन्नईत आलो तेव्हा मामाच्या दुकानात भट्टीशेजारी झोपायचो. आज दुकान माझं आहे आणि वरचा मजलाही माझा आहे. हे मला कोणी दिलेलं नाही. घेताना भाव पाडायचा आणि देताना चढवायचा, एवढंच मला येतं आणि तेवढ्यावर माझं सगळं झालं.

रायर पहिल्यांदा आले ते पक्षाची वर्गणी मागायला. मी फोनवर गावाकडच्या भावाला शिव्या घालत होतो. ते दारात ऐकत उभे राहिले आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, "तुम्हीं मराठी कीं? बेस बोलतां. राग फार, पण भाषा बेस."

तंजावरकडच्या मराठी माणसांना तमिळ लोक रायर म्हणतात. त्यांचं भीमराव हे नाव फक्त रेशन कार्डावर उरलं होतं. त्यांची मराठी फडताळात राहिलेल्या शालूसारखी होती, घडीवर विरलेली, पण काठ शाबूत. मध्येच तमिळ शब्द यायचा आणि प्रत्येक वाक्य शेवटाला तमिळ हेल काढून वर जायचं. मी त्या दिवशी वर्गणी दिली नाही. तरी दुसऱ्या दिवशी ते माझ्या बाकावर येऊन बसले आणि पक्षाचं वर्तमानपत्र वाचू लागले. ते बाक पुढची कित्येक वर्षं त्यांचंच राहिलं.

अंगाने काटकुळे, मिशी पांढरी, खांद्यावर पक्षाच्या रंगाच्या काठाचा टॉवेल. कमरेला लुंगीसारखी पांढरी वेष्टी, एकच असेल, पण इस्त्रीची. कोळशाची इस्त्री ते स्वतः फिरवत आणि काठावर हात आला की हळू होत. कॉफी अर्धीच घेत आणि त्या अर्ध्या कपाचे पैसे माझ्या आधी काढून ठेवत. उजव्या हातात एक जाड अंगठी होती. बोलताना तो हात कधी खाली नसे. तरुणपणी कुठल्याशा आंदोलनात तुरुंगात जाऊन आल्यावर पक्षाच्या नेत्यांनी, म्हणजे त्यांच्या तलैवरांनी, भर सभेत स्वतःच्या बोटातली काढून ती यांच्या बोटात घातली होती. त्यानंतर ती उतरली नाही. सांधे सुजले, बोट वाकडं झालं, अंगठी तिथेच.

मी धंद्याच्या सवयीने एकदा म्हटलं, "काढा, रायर. कस लावून सांगतो किती कॅरेट आहे. फुकट."

त्यांनी हात टॉवेलाखाली घेतला. "तलैवरांच्या हाताला कस लावतां कीं?" म्हणाले आणि त्या दिवशी कॉफी न घेता गेले.

त्यांचा देवावर विश्वास होता, पण तो सवयीचा. पक्षावरचा विश्वास खरा होता. नळाला पाणी नाही, छत गळतंय, मुलीचं लग्न अडलंय, कशालाही उत्तर एकच. "कच्ची पाहून घेईल." कच्ची म्हणजे पक्ष. वेस्ट मांबलमला एका जुन्या घराच्या मागच्या खोलीत ते आणि अंबुजाबाई राहत. मी एकदा गेलो तर देव्हाऱ्यात सरकारी योजनेतला फुकट मिळालेला मिक्सर. खोक्यातून काढलेला, पण प्लास्टिक अंगावर तसंच, कारण वर तलैवरांच्या फोटोचा स्टिकर होता. खाली बसून अंबुजाबाई पाट्यावर चटणी वाटत होत्या.

"वापरत का नाही, मावशी?" मी विचारलं.

"फोटो भिजेल म्हणतात," त्या वर न बघता म्हणाल्या. "पाहा, कृष्ण लहान, मिक्सर होडा. उंद्या मला पण तेथे बसवून हार घालतील. मग वाटायचें कोणी?"

रायर हसले. रागावले नाहीत. गरिबीत माणसं चिडकी होतात, हे कसे होत नाहीत याची मला आधी गंमत वाटे आणि नंतर चीड येऊ लागली. भाजी घेताना ते भाव करत नसत. बाई सांगेल ते देत. एकदा मी बरोबर होतो. मी पालेभाजीवाल्या बाईला निम्म्यावर आणलं आणि दोघांच्या जुड्या घेतल्या. पुढे आल्यावर चप्पल तुटल्याचं निमित्त करून ते मागे राहिले. मी वळून पाहिलं तर ते त्या बाईला उरलेले पैसे देत होते. माझ्या जुडीचेसुद्धा.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी ओरडलो. "माझा सौदा झाला होता."

"तुमचा झाला," ते म्हणाले. "तिचा झाला नव्हता."

असं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही म्हणून राग आतच राहतो. मी गरीब होतो. ती अवस्था काय असते ते मला शिकवू नका. गरिबी म्हणजे ओलं अंथरूण आहे, उठायचं आणि निघायचं, त्यात पडून गाणी म्हणायची नाहीत. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्हीं एकटे वर आलांत. आम्ही अस्के मिळून येणार."

"कधी?"

"येणार कीं."

"तुमचा वॉर्ड सेक्रेटरी आला वर. तुम्ही कुठे आहात?"

"सेरी," ते म्हणाले. म्हणजे ठीक आहे. हरले की ते एवढंच म्हणत आणि वर्तमानपत्र वर धरत.

महापालिकेची निवडणूक जवळ आली की ते नवा फोटो काढून घेत. यंदा वॉर्डाचं तिकीट आपल्याला, असं दर वेळी. एका वर्षी ते मिळालं नुकत्याच पक्षात आलेल्या एका ठेकेदाराला, आणि त्याच्या फलकाचा बांबू धरून उन्हात चालत रायर माझ्या दुकानासमोरून गेले. मी दारातून हाक मारली, "काय हो नगरसेवक, बांबू जड आहे का?"

मिरवणूक संपल्यावर ते आले, पाणी प्याले. म्हणाले, "त्याने कच्चीला दोन गाड्या दिल्या, ऑफिस बांधून दिलें. मी काय दिलें?"

"अख्खं आयुष्य दिलंत."

"तें कोणीपण देतो," रायर म्हणाले. चेष्टेने नाही, मनापासून.

आता ते अंगठ्यांचं. तलैवर वारल्यावरही त्यांचा वाढदिवस पक्ष साजरा करतो. त्या दिवशी सरकारी प्रसूती रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला पक्षाकडून सोन्याची अंगठी. आमच्या भागात हे काम रायरांकडे. चिमुकलं बोट, त्यात अंगठी राहणार कशी, म्हणून ते लाल दोऱ्याने मनगटाशी बांधत. त्या दिवसासाठी ते आधीपासून दोरा आणून ठेवत आणि नखं कापत, बाळाला लागू नयेत म्हणून.

एका वर्षी त्यांच्याच मुलीला, कावेरीला, त्याच रुग्णालयात आदल्या संध्याकाळी मुलगी झाली. नर्स ओळखीची. ती म्हणाली, रायर, कागद अजून भरला नाही, उद्याची तारीख घालते, तुमच्या नातीला पण मिळू दे. जावई रिक्षा चालवणारा, त्याची रिक्षा बंद पडलेली. कावेरीने हात जोडले म्हणे. रायर म्हणाले, "त्या दिवशी जन्मली नाही, तिला मोदिरम कसें?" मोदिरम म्हणजे अंगठी. दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात, कावेरीच्या शेजारच्या खाटेवरच्या बाळाला त्यांनी दोरा बांधला. बाप आपल्या नातीच्या पाळण्यावरून वाकून दुसरीकडे अंगठी बांधतोय, हे तिने पडून पाहिलं. त्यानंतर ती माहेरी आली नाही. मला हे अंबुजाबाईंनी सांगितलं. रायरांनी फक्त एवढंच सांगितलं, की यंदा कार्यक्रम बेस झाला.

पुढच्या वर्षी त्या अंगठ्यांचं काम मी मागितलं. रायरांच्याच ओळखीने. सोनं चोख देतो, मजुरी कमी लावतो, असा भाव सांगितला की त्याखाली कोणी प्रामाणिकपणे उतरूच शकत नाही. पक्षाचा वॉर्ड सेक्रेटरी माझ्याकडे दोनदा चहा पिऊन गेला आणि काम दुसऱ्याला दिलं, माझ्या निम्म्याने. निम्म्यात सोनं येत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. मी रायरांना म्हटलं, "तुमच्या लोकांनी गडबड केली आहे." ते म्हणाले, "तुम्हांला काम गेलें, म्हणून कडू लागते."

मी गप्प बसलो. गप्प बसणं हाही सौद्याचाच भाग असतो.

वाढदिवस झाला आणि काही आठवड्यांनी एक फुलं विकणारी बाई दुकानात आली. छातीशी बाळ, त्याला ताप. औषधासाठी अंगठी विकायची होती. दोऱ्यातून सोडवताना ती मला तमिळमध्ये म्हणाली, "सेट्टु, हिच्या मनगटाला बघा काय झालंय. डॉक्टरला पण दाखवायचंय." बाळाच्या मनगटावर, अंगठी टेकायची तिथे, हिरवट काळा डाग उठला होता. मला दगडाची गरजच नव्हती. सोनं कातडीला असं करत नाही. ते तांब्यापितळेचं काम असतं, वरचं सोन्याचं पाणी उडालं की घामाने डाग पडतो.

तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण बाकावर रायर बसले होते आणि दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. मी मोठ्याने म्हटलं, "रायर, या इकडे. तुमच्या पक्षाचं सोनं बघा." त्यांच्यासमोर कानस घेऊन अंगठी घासली, दगडावर रेघ ओढली, वर तेजाब सोडलं. रेघ फसफसली आणि निघून गेली. दगड कोरा.

"बघितलंत?" मी म्हटलं. "या पितळेसाठी नातीला नाही म्हणालात."

रायर दगडाकडे बघत राहिले. ती बाई त्यांच्याकडे बघत होती. तिने त्यांना ओळखलं होतं, दोरा त्यांनीच बांधला होता. ती म्हणाली, "अय्या, हे खरं नाही?"

ते ताठ झाले. टॉवेल खांद्यावर नीट केला आणि स्वच्छ तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अंगठी खरी होती. याने बदलली. बाहेरून आलेला माणूस आहे हा, हाताचा चलाख."

गलाईवाल्याबद्दल हे एकच वाक्य पुरतं. संध्याकाळपर्यंत पक्षाचे लोक आले. शिवीगाळ झाली, एकाने दगड मारला, तो काउंटरच्या काचेवर बसला. मग सेक्रेटरी समजूत घालायला आला. ठरलं असं, की त्या बाईला मी खरी अंगठी द्यायची आणि पुढच्या वर्षीच्या अंगठ्यांना हातभार लावायचा. त्या हातभाराचा आकडा मी बराच खाली आणला. चोराशीसुद्धा मी भाव केला. पण बोळातली जुनी गिऱ्हाइकं बरेच दिवस समोरच्या बाजूने जात होती. दुकान उभं राहिल्यापासून माझ्यावर तसं बोट कोणी उचललं नव्हतं. रायरांनी उचललं, आणि त्याच बोटात अंगठी होती.

बाकावर ते पुन्हा आले नाहीत. एकदा बस स्टॉपवर समोरासमोर गाठ पडली. मी वाट अडवून विचारलं, "मी बदलली?"

ते बसच्या दिशेला बघत म्हणाले, "ती बाई माझ्याकडे पाहत होती. तुमचें दुकान उंद्या पुन्हा भरतें. तिचा विश्वास गेला तर तो भरत नाही."

"आणि माझी काच?"

बस आली. ते चढले. पुढच्या दारातून बायका चढतात, त्या गर्दीत गोंधळून पुढूनच चढले आणि कंडक्टरने चारचौघांत त्यांना झापलं. मला बरं वाटलं.

त्यानंतर ते आले ते एका दुपारी. दुकान रिकामं होतं. मिशी वाढलेली, वेष्टीला इस्त्री नाही. मी बसा म्हटलं नाही. ते उभ्यानेच बोलले. घरमालकाने जागा बिल्डरला दिली होती. सगळ्यांना निघायला सांगितलं होतं. दुसरी खोली बघितली होती, जवळच, पण चेन्नईत भाड्याच्या कितीतरी पट अॅडव्हान्स लागतो. नाही जमलं तर अंबुजाबाईंच्या भावाकडे, कुंभकोणमजवळच्या खेड्यात. "तिचा भाऊ बेस माणूस नाही," ते म्हणाले. "तिला मोलकरीण करून ठेवील."

"पक्ष?" मी विचारलं.

"निवडणुकीनंतर पाहूं म्हणतात."

"कावेरी?"

त्यांनी उजवा हात काउंटरवर घेतला. घरून बोटाला तेल लावूनच आले होते. अंगठी फिरवत, कातडं ओढत, दात आवळून त्यांनी ती काढली आणि तडकलेल्या काचेवर ठेवली. "वजनाने घ्या. जें देतां तें द्या."

मी उचलली. तळहातावर पडली तेव्हाच मला कळलं. आकाराच्या मानाने जो भार लागतो, तो हाताला बरोबर लागला. आतली बाजू इतकी वर्षं घासूनही बाहेरच्यासारखीच पिवळी. आणि समोर त्यांचा हात होता. बोटावर जिथे अंगठी होती तिथे नुसता पांढरा पट्टा, कोवळ्या कातडीचा. हिरवा नाही, काळा नाही. डाग म्हणून नाही. तलैवरांनी त्या दिवशी खरं सोनं दिलं होतं. अॅडव्हान्स भरून वर वर्षाचं भाडं निघालं असतं.

मी कसाचा दगड काढून काचेवर ठेवला.

"कस नको," रायर पटकन म्हणाले.

"मग मशीनवर लावू? आता मशीन आहे. आकडाच दाखवतं."

"नको. पितळेच्या भावाने घ्या, पण कस नको."

पितळेच्या भावाने. हे त्यांच्याच तोंडून निघालं. म्हणजे त्या फुलवाल्या बाईच्या दिवसापासून ते रोज रात्री ही अंगठी बोटात घालून झोपत होते, आणि त्यांना ती पितळेची वाटत होती. जगापुढे खोट्या अंगठ्यांना खरं म्हणणाऱ्या माणसाचा, जवळ जी एकच खरी होती तिच्यावर विश्वास उरला नव्हता.

मी म्हटलं, "माझ्या दुकानात कस लावल्याशिवाय काही घेत नाही, रायर. लोक मग म्हणतात बदलली."

त्यांनी दगडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटतं, माझ्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते शोधत होते. माझा चेहरा भाव करताना काही सांगत नाही. त्या चेहऱ्यावरच मी हे दुकान उभं केलंय.

"सेरी," ते म्हणाले.

हात पुढे केला. मी अंगठी त्यांच्या तळव्यावर ठेवली. तेल असूनही ती सांध्यावर अडत होती. त्यांनी बोट तोंडात घालून ओलं केलं, पिळून पिळून ती खाली बसवली आणि उलटा हात वेष्टीला पुसला. जाताना दारात थांबून म्हणाले, "काच बदला आतां. बरें दिसत नाही."

मी दारापर्यंत गेलो. बोळाच्या तोंडाशी ते शेअर ऑटो थांबवत होते. ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून उजवा हात कपाळाला लावला होता, आणि अंगठी इतकी चमकत होती की ऑटोवाल्यालाही दिसली असेल. एक ऑटो भरलेली गेली, दुसरीही गेली. मी हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. तिसरीत जागा मिळाली, आणि ते आधी टॉवेल आत घेऊन मग बसले.

मी आत येऊन काचेवरचा तेलाचा थेंब पुसला.